नावानं कुणी हाक मारली नाही

तात्या,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा चेहरा आठवायला मला आता भिंतीवरच्या फोटोकडं बघावं लागतं. त्या फोटोत तुम्ही कुणाच्या तरी लग्नातला फेटा बांधून ताठ बसला आहात, तसे तुम्ही एरवी कधी दिसत नव्हता. आवाज मात्र विसरले नाही. "आबा, जेवलात का?" हा आवाज. घरात खाणारी तोंडं एवढी, पण हे तुम्ही एकालाच विचारायचात, आणि तो एकटा म्हणजे माझ्याहून थोडासाच मोठा असलेला तुमचा मुलगा. मी आज तुमच्याशी भांडायला बसले आहे. तुम्ही होता तेव्हा मी एक शब्द उलट बोलले नाही, मुलीच्या जातीनं बोलायचंच नसतं असं तुम्ही आणि आईनं मिळून माझ्या डोक्यात पक्कं बसवलं होतं. आता माझं कोण काय वाकडं करणार आहे?

आई ती हकिगत चुलीपाशी बसून सांगायची, भाकरी थापता थापता. आजोबांनी विहिरीच्या पाळीवरून, म्हणजे कुठल्या दिवशी कुणाच्या रानाला पाणी जायचं एवढ्यावरून, आपल्या चुलतभावाला कोयत्यानं तोडलं आणि शिक्षा भोगता भोगता तुरुंगातच वारले. ती बातमी गावात आली त्याच महिन्यात माझा हा भाऊ जन्मला. जन्मला तो रडायलाच लागला. दूध पीत नव्हता, झोपत नव्हता. शेवटी तुम्ही देवऋषी आणलात. त्यानं सुपात दाणे टाकून घराण्यातल्या मेलेल्यांची नावं एकेक करून घेतली, आजोबांचं नाव घेतलं आणि बाळ गप्प झालं. "म्हातारा माघारी आला," म्हणाला, आणि अंगारा लावून गेला. आपल्याकडं घरोघरी असंच चालायचं, त्यात कुणाला नवल वाटलं नाही. रडून रडून ते पोर दमलं असेल, असं एकाच्याही मनात आलं नाही. बारशाला तेच नाव ठेवलं. पण आई सासऱ्याचं नाव तोंडानं कसं घेणार, आणि तुम्ही बापाला नावानं हाक कशी मारणार? म्हणून तो पाळण्यातच आबा झाला. त्याचं स्वतःचं नाव घरात पुन्हा कुणी उच्चारलं नाही.

मला तुम्ही चिंचेच्या फोकानं मारलंत, धाकट्यांना मारलंत, बैलालासुद्धा मारलंत. त्याला कधी बोटही लावलं नाही. त्यानं दह्याचं मडकं फोडलं तरी तुम्ही मान खाली घालून तुकडे वेचलेत. पहिली भाकरी त्याला, बसायला घोंगडी त्याला. मी जळायचे त्याच्यावर. लाड नव्हते ते, भीती होती, हे मला फार उशिरा समजलं. त्याला राग आला की तुम्ही आपोआप दोन पावलं मागं सरायचात. लहान पोरानं हे बघितलं की ते काय समजेल, तात्या? आपल्या अंगात असं काहीतरी आहे की ज्याला बापसुद्धा घाबरतो. आणि होता कसा तो? जत्रेत बकरं कापायला लागले की रानात निघून जायचा. घरात विंचू निघाला तर चिमट्यात धरून बांधापर्यंत न्यायचा आणि सोडून यायचा. आई म्हणायची, "म्हातारा पस्तावलाय, म्हून असा वागतोय." बघा, चांगला वागला तरी ते त्याचं नव्हतंच.

पुढं मी मास्तरीण झाले. ट्रेनिंगला असताना आम्हाला एक प्रश्न हमखास यायचा, मूल घडतं ते आनुवंशिकतेनं की परिस्थितीनं. थोडं रक्ताला द्यायचं, थोडं घराला द्यायचं, दोन्हींचा मेळ असतो असं शेवटी लिहायचं की मार्क पडायचे. मी लिहिलं, मार्कही मिळाले. घरी येताना मात्र रडले. कारण रक्त त्याला आजोबांचं, घर तुमचं. दोन्हीकडं वाटून झाल्यावर त्याच्यासाठी उत्तरात जागाच उरत नव्हती.

एकदाच ती जागा त्याला सापडली होती. पिंपरीला औषधाचा कारखाना उभा राहत होता तेव्हाची गोष्ट. आधी तो खडी वाहायला गेला, मग काम बघून त्यांनी त्याला आत हेल्पर म्हणून घेतलं. पहिल्या दिवशी घरी आला तो हसतच. ओट्यावर बसला, पायाची माती झाडत मला म्हणतोय, "बाय, आज हजेरीला मला नावानं हाक मारली." मी म्हटलं, मग काय झालं? "न्हाई, पंजाबी फोरमन हाय. त्यानं यादी वाचली, माजं नाव घेतलं जोरात. मी बघतच ऱ्हायलो. हितं तिथं बघितलं, कोन म्हातारं आलंय का. मग म्हनलं, हजर." त्या फोरमनला आपलं गाव माहीत नव्हतं, विहीर माहीत नव्हती. त्याच्या दृष्टीनं ते नाव कोरं होतं. भावानं तिथंच खोली बघितली होती. नोकरी कायम झाली की जाणार होता. जेवताना त्यानं हे सांगितलं तेव्हा तुम्ही ताटावरून उठलात. "आबा गेल्यावर पाळी कोन राखंल?" एवढंच तुमचं म्हणणं.

हेच मला तुमचं सगळ्यात जास्त डाचतं. तुम्ही त्याला घाबरत होता आणि त्याच भीतीवर आपलं रान भिजवत होता. आपली पाळी आली की त्याला विहिरीवर नेऊन उभं करायचात. नुसता उभा. भावकीतली माणसं त्याच्याकडं बघायची आणि पाटाचं पाणी मुकाट सोडून द्यायची. त्याचा हात कधी उठला नव्हता, उठायची गरजच पडत नव्हती. देवऋषी येऊन गेला होता, सगळ्या गावाला ठाऊक होतं.

त्या सकाळी मी अंगण झाडत होते. तो शिफ्टला निघाला होता, डबा बांधलेला. तुम्ही रानातून तरातरा आलात. आजोबांनी ज्याला तोडलं त्याच्या नातवानं आपल्या पाळीचं पाणी मध्येच फोडून आपल्या रानात घेतलं होतं. "आबा, चला." तो म्हणाला, "तात्या, माजी शिफ्ट हाय. आज खाडा नगं." तुम्ही म्हणालात, "नुस्तं जाऊन हुभं ऱ्हावा. आबा हुभा हाय म्हनल्यावर कोन पानी तोडतोय." त्यानं डबा ओट्यावर ठेवला. मग त्याची नजर खुंटीवर गेली. खुंटी रिकामी होती. कोयता तुम्ही काढून कणगीमागं दडवला होता, त्याला हाक मारण्याआधीच. त्यानं विचारलं, "कोयता कुटं गेला?" तुम्ही दाराकडं वळलात. तो खुंटीकडं बघत राहिला आणि म्हणाला, "म्हंजे तुमास्नी बी तसंच वाटतंय व्हय." त्याचा तो चेहरा अजून मला दिसतो. रागाचा नव्हता. कुणीतरी निकाल वाचून दाखवल्यावर होतो तसा होता.

विहिरीवर काय झालं ते बघणाऱ्यांनी सांगितलं. तो नातू बांधावर फावडं घेऊन उभा होता. हा दिसताच म्हणाला, "ये आबा, तुजीच वाट बगतोय कवापास्नं." भाऊ नुसता उभा राहिला, तुम्ही सांगितलं होतं तसा. बराच वेळ उभा राहिला म्हणतात. तो नातू पुन्हा म्हणाला, "आज कोयता न्हाई आनला? म्हातारा इसरला जनू." मग भावानं त्याच्या हातातलं फावडं हिसकलं आणि दांडा डोक्यात घातला. पुण्याला दवाखान्यात नेलं पण तो माणूस वाचला नाही. त्याची बायको दोन दिवसांची बाळंतीण होती. तिच्याविषयी आपल्या घरात कुणी चकार शब्द काढला नाही, तोही हिशोब नशिबाकडंच लावून मोकळे झालो.

कोर्टात तुम्ही हात जोडून उभे राहिलात. "सायेब, ह्यो माजा पोरगा न्हाई, माजा बाप हाय. पोराचा काय गुन्हा न्हाई. त्याच्या हातनं म्हाताऱ्यानं केलं." काही लोक हसले. न्यायाधीश हसले नाहीत, तुमच्याकडं बघत राहिले. भाऊ तोवर मान खाली घालून उभा होता, त्यानं मान वर केली आणि तुमच्याकडं असं बघितलं की मी पदर तोंडात धरला. तुम्हाला वाटलं तुम्ही त्याला वाचवताय. फाशी टळली, जन्मठेप झाली. गावात सगळे म्हणाले, बापानं पोराला सोडवलं.

मी तुरुंगात भेटायला गेले होते हे तुम्हाला कधी कळलं नाही. जाळीपलीकडून तो म्हणाला, "बाय, मी फावडं घेतलं हातात. खाली टाकायला येळ हुता. चांगला येळ हुता. मी टाकलं न्हाई." मी म्हटलं, असं बोलू नकोस, तुझ्या हातात नव्हतं ते. तर तो माझ्यावरच भडकला. सगळ्या जन्मात तेव्हा एकदाच. "तू बी तेच म्हन. हुतं हातात. जन्मापास्नं येक गोष्ट मी केली, वंगाळ केली, पर मी केली. ती बी तात्यानं म्हाताऱ्याच्या नावावर घातली. मंग मी हाय कोन?" तो सुटून आला तेव्हा तुम्ही नव्हता. देहूरोडला एका लाकडाच्या वखारीत राहिला, लग्न केलं नाही, गावात पाऊल टाकलं नाही. मी डबा घेऊन गेले की म्हणायचा, ठेव तिथं. तिथंच गेला. मला निरोप आला तोही "तुमचे आबा गेले" असा.

कधीकधी वाटतं, तुमचा तरी काय इलाज होता. तुमच्या लहानपणी, तुमच्या डोळ्यांदेखत तुमच्या बापाला बेड्या घालून नेलं. त्या पोरानं पुढं आयुष्यभर कोयते लपवले तर त्याला काय बोलायचं? असा विचार केला की तुमच्यावरचा राग उतरायला लागतो, आणि मग मीच घाबरते. कारण भावाच्या बाबतीत तुम्ही नेमकं हेच केलंत, त्याला माफ करता करता पुसून टाकलंत. तुम्हाला वेगळं काही करता आलं नसतं असं मी म्हणणार नाही, तात्या. तुम्हाला "जा शिफ्टला" म्हणता आलं असतं. एवढे दोन शब्द. ते तुम्ही म्हणाला नाहीत, आणि तुमच्यावरचा हा राग मी शेवटपर्यंत सोडणार नाही. तो सोडला तर तुम्हीही कुणी नव्हता असं होईल.

हे इतकं ठासून लिहिलं खरं. पण एक राहिलं. माझ्या नातवाला मुलगा झालाय. चिंचवडच्या ह्या फ्लॅटमध्ये ते पोर दिवसभर रडतं. डॉक्टर म्हणतात पोटदुखी आहे, तीन महिन्यांनी आपोआप थांबेल. काल दुपारी नातसून अंघोळीला गेली होती आणि ते माझ्या मांडीवर किंचाळत होतं. मी जन्मभर पोरांमध्ये राहिलेली बाई, कानाशी कुणी हळू बोललं की तान्हं मूल गप्प होतं हे मला पक्कं माहीत आहे. मला तेव्हा काहीही बोलता आलं असतं. काऊचिऊचं बोलता आलं असतं. मी वाकून त्याच्या कानात भावाचं नाव घेतलं. ते नाव माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघत होतं. बाळ गप्प झालं आणि माझ्याकडं बघायला लागलं. नातसून बाहेर येऊन म्हणाली, "आजी, काय केलंत?" मी म्हटलं, काही नाही, वाऱ्यावर धरलं.

हा कागद कुठं पोचणार नाही तेच बरं. पोचला असता तर मला पुढचं लिहिता आलं नसतं. ती बाहेर यायच्या आधी मी त्याला विचारलं होतं, "आलात का, आबा?"