अठ्ठेचाळीस आकडे

मयुरा बेटा,

तू लावून दिलेला कम्प्युटर पाच दिवसांपासून बंद आहे. अपडेट झालं, अन् आता तो अठ्ठेचाळीस आकड्यांची चावी मागून राहिला. धंतोलीच्या दुकानातला माणूस म्हणे, "काकाजी, डिस्कले कुलूप आहे. ज्यानं लावून दिला त्याच्याच खात्यात चावी असन. नाहीतर सारं पुसून देतो, मशीन नव्यासारखी होईन." तुह्या आईचे सारे फोटो त्यातच आहेत. मी मशीन उचलली अन् घरी आलो.

तुह्या लग्नाले मी आलो नाही, त्याले दोन वर्षं झाली. तेव्हापासून फोन हातात घेतो अन् ठेवून देतो.

खरं सांगतो. जाताना तू स्क्रीनखाली चिठ्ठी चिकटवली होती, "बाबा, अपडेट आलं तर मले विचारल्याबिगर काही दाबायचं नाही." रोज वाचत होतो. वाटलं, थोडंसं काही बिघडलं तर तुले फोन कराले कारण भेटन. म्हणूनच दाबलं.

कारण भेटलं वं पोरी. हिंमत नाही भेटली.

तुहा बाबा,
मारोतराव
सक्करदरा