डोळ्यांपुरती एकच वही

चौल, कार्तिक शुद्ध द्वादशी, १९५६

आगबोटीचा तो भोंगा आज पुन्हा कानात वाजला. चाळीस वर्षांपूर्वी कवितांची वही छापखान्यात द्यायला मुंबईस निघालो होतो. रेवदंड्याच्या धक्क्यावर धीर सुटला, बोट गेली. आता पुतण्या म्हणतो, "काका, स्वच्छ उतरवून द्या, मी छापतो." पण डॉक्टर म्हणाले, डोळे फार तर वर्षभर पुरतील. वर्षात एकच वही होणार.

कोणती? माझी, की लग्नांत धवळे गाणाऱ्या चांगुणाबाईंच्या गाण्यांची? त्यांना अक्षरओळख नाही, त्यांच्या पश्चात गाणारीही कोणी नाही. आणि माझ्या कविता... खरं सांगू? शाळेत पाठ केलेल्या कवितांच्याच त्या लेकी. वाजू दे भोंगा.

दुपारी पुतण्याला नकाराचं पत्र टाकलं आणि चांगुणाबाईंकडे गेलो. त्या उसळल्याच, "लगीन नाय त धवला नाय! मांडवाबिगर गायला मी येडी हाय काय, मास्तर?"

हिरमुसून परतलो. दोन्ही वह्या हातच्या गेल्या की काय?

हे लिहितोय तोच कडी वाजली. दारात चांगुणाबाई! नवं लुगडं, हातात ऊस.

"उठा मास्तर. आज तुलशीचं लगीन. तिलाबी धवला लागतोच. घ्या लिवायला."