आत्याबाईंनी निवडलेला टाइपरायटर

प्रिय आत्याबाई,

जयभीम.

काल तुम्हाला जाऊन वर्ष झालं. वंदना झाली, जेवणं झाली, आणि मग ओट्यावर बसून सगळे तुमच्या भांडणांच्या गोष्टी सांगत हसत होते. तुमची बहीण म्हणाली, "तोंडाची तिखट होती माही बहीण. पण शकू मातर सोताच्या जिद्दीनं शिकली." मी मान खाली घालून ऐकलं. तुमच्यामुळे शिकले, हे मात्र सांगितलं नाही. म्हणून आज लिहायला बसले.

तुमचा लेक, माझा नवरा, तापानं गेला तेव्हा मी बावीस वर्षांची होते. तुमचे भाऊ म्हणत होते, हिला माहेरी पाठवा. तुम्ही मात्र मला विचारलंत, "शाळा कुठवर झाली वं तुही?"

मॅट्रिक, म्हटलं.

"मंग चुलीपाशी काऊन बसून राह्यली?"

कचेऱ्यांचा कारभार तेव्हा नुकताच मराठीत व्हायला लागला होता. मराठी टायपिंग येणारी माणसं हवी होती. मेहकरच्या क्लासात माझं नाव घालायला तुम्हीच आलात. पण तिथं मशीन तासभरच मिळायचं, आणि परीक्षेला ज्याचं त्यानं न्यायचं. मग तुम्ही दोन शेळ्या विकल्यात.

दुरुस्तीवाल्याकडे आपल्याला परवडतील अशी दोनच जुनी मशीनं होती. एक कचेरीतलं, थोरलं, हात लावताच चालणारं. दुसरं पेटीत मावणारं, कळा जरा घट्ट. मी थोरल्यावर बोट ठेवलं. तुम्ही काय केलंत! ते धूड कवेत उचललंत आणि रस्त्यापर्यंत जाऊन आलात, घामाघूम होऊन.

"फाट्यापासून गाव दीड कोस हाय. हे घेतलं त तू परीक्षेले जाशीन का हमालीले?"

दुकानदारसुद्धा हसला. पेटीवालं घरी आलं. मी दोन दिवस तुमच्याशी धड बोलले नाही, आठवतं?

परीक्षेच्या दिवशी बुलढाण्याची एसटी खच्चून भरलेली. कंडक्टर म्हणाला, "बाई, पेटीले जागा नाही."

"माही मांडी हाय ना! मांडीचं तिकीट लागते का?"

सारी वाट पेटी मांडीवर घेऊन बसलात. आणि मी नापास झाले.

निकालाच्या दिवशी मी काय काय बोलले तुम्हाला! "कळा घट्ट आहेत, वेग येतच नाही. तुमचं ऐकलं म्हणून झालं. ज्याला अक्षर कळत नाही त्यानं मशीन निवडावं कशाला?" तुम्ही भाकरी थापत होतात. थापतच राहिलात. एरवी एका शब्दाला दहा शब्द देणाऱ्या तुम्ही, तेव्हा का नाही भांडलात?

सकाळी उठले तर पेटी नाही आणि तुम्हीही नाही. दुपार कलल्यावर आलात, डोक्यावर पेटी घेऊन, पायांवर धूळ. "दुरुस्तीवाल्यानं समदं उघडून पाह्यलं, तेल घातलं. मशीनीत खोट नाही म्हनते. आता तू पाह्य." एवढंच. पाणी प्यालात आणि शेण काढायला गेलात.

खरं सांगू? खोट नव्हतीच. परीक्षेआधीचा महिनाभर मीच सराव सोडला होता. शेजारणी 'विधवेची टकटक' म्हणून हसायच्या. तुम्ही शेतात गेलात की मी पेटीवर लुगड्यांच्या घड्या ठेवून गप्प बसून राहायची. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. की तुम्हाला ठाऊक होतं?

पुढच्या खेपेला पास झाले. तहसील कचेरीत लागले. तुम्ही गावभर सांगत फिरलात, "माही सून सरकारचं लिहिते!" माफी मागायला मी कितीदा तोंड उघडलं. तुम्ही नेमकं काहीतरी काम सांगायचात, आणि मला सुटल्यासारखं वाटायचं. ते सुटणंच आता सलतं.

आत्याबाई, मिनिटाला चाळीस शब्दांच्या परीक्षेचा फॉर्म भरलाय. दार उघडं टाकून सराव करते. हसणाऱ्यांना हसू दे. आता एक शब्द देते. पास झाले तर जो विचारेल त्याला तुमचं नाव सांगेन. नापास झाले तर माझं.

तुमची सून,
शकू