उजव्या बाजूची दोरी

बाबा, तुझी माटोळी पुन्हा चालू झाली. गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं बांधलेली जी लाकडी चौकट टांगतात, ती चवथीला दर वर्षी होतेच, यंदाही होईल. मी म्हणते ती टीव्हीवरची. मामा तारवटी, बोटीवर कामाला. बोट मुरगावला लागली की त्याच्या ट्रंकेतून साबण आणि ब्लेडं निघायची, आणि एकदा एक चपटा संगणक निघाला, टीव्हीला जोडायचा. आई तो शोकेसमध्ये ठेवणार होती. पण तू शाळेत गणित शिकवायचास, तेव्हा तो तुझाच, असं तू परस्पर ठरवून टाकलंस आणि मे महिन्याची अख्खी सुट्टी त्याच्यासमोर मांडी घालून बसलास. त्यातून आपला खेळ निघाला. पडद्यावर चौकट, तिच्या दोन टोकांना दोन दोऱ्या. डावी माझी, उजवी तुझी. खालून नारळ, तवसं, सुपारीचा घड असं काहीबाही वर यायचं आणि दोघांनी एकदम कळ दाबली तरच ते बांधलं जायचं. कुणाला उशीर झाला की चौकट त्याच्या बाजूला कलंडायची आणि फळ धप्पकन खाली. खरी माटोळी बांधायला दोन टोकांना दोन माणसं लागतात, ते तू खेळात तसंच्या तसं आणलं होतंस.

आणि चौकट कलंडायची ती बहुतेक वेळा तुझ्याच बाजूला. तरी तू ओरडायचास, "तुजी दोरी सैल गो, माजी न्हय!" मी खिदळत असते, तू कळेला दोष देत असतोस, आणि आतून आईचा आवाज येतो, "जेवण निवता हांगा, तुमची फळां मागीर बांदा!" आपण दोघंही ऐकलं नाही असं दाखवतो. आपल्या पेडण्याच्या घराची माझी सगळ्यात लख्ख आठवण ही आहे.

तू गेलास तेव्हा मी कॉलेजात होते. पुढे त्या संगणकात मुंग्यांनी संसार थाटला. खेळ मात्र तू टेप लावून एका भजनाच्या कॅसेटच्या मागच्या बाजूला भरून ठेवला होतास, तो तिथेच राहिला, करकर आवाजाच्या रूपात. आता मी डिचोलीला उच्च माध्यमिकच्या मुलांना संगणक शिकवते, आणि यंदा मनात घेतलं की चवथीच्या आधी तुझा खेळ जागा करायचा, आणि जमलंच तर तुझ्याबरोबर एकदा खेळल्यासारखं करायचं. त्यासाठी एम्युलेटर असतो, म्हणजे आजच्या संगणकाच्या पोटात जुन्या संगणकाचं सोंग घेणारा प्रोग्रॅम. ते सोंग चालवायला मी एक एजंट लावला. विम्याचा नव्हे, घाबरू नकोस. हा यंत्रातलाच. त्याला साध्या मराठीत काम सांगायचं. तो स्वतः कळा दाबतो, पडदा बघतो, चुकलं तर परत करतो. कॅसेटच्या खरखरीतून त्याने तुझा प्रोग्रॅम चिकाटीने बाहेर काढला. तुझ्यासारखं वैतागून कॅसेट मांडीवर आपटणं त्याला ठाऊकच नाही.

एका रविवारी दुपारी, आईकडेच, ती चौकट पडद्यावर आली.  खेळ नीट चालतो का बघ, असं मी एजंटला सांगितलं, तर त्याने दोन्ही कळा एकाच क्षणी दाबत अख्खी माटोळी बांधून मोकळी केली. एक सुपारी पडली नाही. मला इतका राग आला! त्याला म्हटलं, डाव्या कळेला हात लावायचा नाही, ती माझी आहे; तू फक्त उजवी सांभाळ. मग आम्ही खेळलो. तो कधी चुकेचना, अगदी अळणी खेळ. थोडा उशीर करत जा, म्हटलं. त्याने विचारलं, किती? काय सांगणार मी? कधी थोडा, कधी जास्त, मधेच बोलायला लागल्यासारखा, असं काहीतरी लिहिलं. त्याने निमूट तसं केलं, नारळ पडले, आणि तुझा शर्ट परक्या माणसाला घालायला दिल्यासारखं मला ओशाळं वाटलं.

त्यातच त्याने कळवलं की प्रोग्रॅम वाचताना त्याला एक चूक सापडली आहे. डाव्या कळेला बराच उशीर माफ आहे, उजवीला जराही नाही; दोन्ही बाजू सारख्या करू का? खबरदार हात लावलास तर, असं मी लिहिलं आणि खो खो हसत सुटले. मग रडले. इतकी वर्षं मला वाटत होतं माझा हात चपळ! सगळं स्वतः लिहून ठेवून वर माझ्याच दोरीच्या नावाने ओरडत होतास, लबाड कुठला. किती लाड केलेस रे माझे, आणि पत्ता लागू दिला नाहीस.

आई चहा घेऊन आली. पडद्याकडे बघत उभी राहिली. "हें तुमचें तेंच न्हय?" म्हणाली, आणि खुर्ची ओढून बसली. "माका दाखय." त्या काळी तिला खेळायला कुणी बोलावलंच नव्हतं, बाबा. मी एजंट बंद केला, तिला डावी कळ दिली, उजवी मी घेतली. सारण भरून नेवरीची कड दाबावी तशी ती एक बोट रोवून कळ दाबत होती, दर वेळी उशिरा, आणि तुझी चौकट तिला सांभाळून घेत होती. कलंडत होती ती माझ्याच बाजूला. "तुजें लक्ष खंय आसा गो?" ती मलाच दटावायला लागली. नारळ पडला की टाळी देऊन हसायची. चहावर साय धरली. दिवा लावायची वेळ झाली तरी तिचं "आनी एक फावट" चालूच होतं.

डिचोलीला परतल्यावर हे तुला सांगावंसं वाटलं. एजंटला जिथे काम सांगते त्याच चौकोनात लिहिते आहे, कारण हल्ली मी दुसरीकडे कुठे मराठी लिहीतच नाही. पाठवायची कळ दाबणार नाही; तो बिचारा यावरही काहीतरी दुरुस्ती सुचवेल. फक्त एक कबूल करायचं आहे. हा सगळा खटाटोप मी तुझ्यासाठी मांडला होता. पण आई खेळत होती तेवढा वेळ मला तुझी आठवण आली नाही, बाबा. एकदाही नाही.