थांबवून ठेवलेलं यान

चेन्नई, शनिवार, १४ जून २००८

डोकं फिरलंय नुसतं! आमचा नवरोबा नितीन सकाळी ओरगडमला कामावर गेला, तो त्याच्या शाळेच्या वेळचा यानांचा व्हिडिओ गेम अर्ध्यात थांबवून. वर मला दम, "बटण बंद करू नकोस, सगळं जाईल." टीव्हीची केबल काढून तिथे गेमची वायर खुपसलेली. म्हणजे माझ्या मालिकेला सुट्टी. दिवसभर बघा ते थांबलेलं यान!

दुपारी चिडून मुद्दामच त्याची सगळी यानं मारली. मग त्याचा दम आठवला. तो यायच्या आत पुन्हा सातव्या लेव्हलला नेऊन ठेवायचं ठरवलं. कितीदा मेले! या भिकार खेळात एवढं आहे तरी काय? भात करपला.

संध्याकाळी बेल वाजली. नितीनच. मी उठलेच नाही. सहावी लेव्हल चालू होती, आणि एकच यान उरलं होतं.