पडद्यापाशी म्हणायचं वाक्य

प्रिय दादा,

पाकीट हातात पडल्यावर तू आधी ते उलटसुलट करून पाहशील, हे नक्की आपल्यालाच आलंय ना म्हणून. फोनवर तासभर डोकं खाणारी बहीण कागद-पेन घेऊन कशाला बसली? खरं सांगते, फोनवर मला हे जमलं नसतं. तू मध्येच 'जाऊ दे गं' म्हणाला असतास आणि मी लगेच जाऊ दिलं असतं. एकोणीस वर्षं मी तेच करत आलेय.

तर बातमी अशी, की दोन आठवड्यांपूर्वी मी आपल्या गुहेत जाऊन आले. रीतसर तिकीट काढून, रांगेत उभी राहून, अंगाला न बसणारं केशरी जाकीट घालून. यांच्या ऑफिसची सहल होती. मी पाठदुखीपासून सगळी कारणं पुढे केली, पण लेक ऐकेना. आई लग्नाआधी जिथे गाईड होती ती गुहा तिला बघायचीच होती. आमची बस तुझ्या बर्फाच्या कारखान्यावरूनच गेली. मी तेव्हा पर्समध्ये काहीतरी शोधत होते. काही हरवलं नव्हतं, तू फाटकात दिसू नयेस एवढंच हवं होतं.

धक्का आता ओळखू येत नाही. तिकिटाच्या खिडकीला काच आलीय आणि दुकानात प्लॅस्टिकचे झुंबरदगड मिळतात, आत दिवा लागणारे. गुहा मात्र तश्शीच आहे. तोंड तेवढंच बुटकं, सगळ्यांनी होडीत आडवं व्हायचं, आणि वल्हेवाल्याने लाटा मोजून भिंतीवरची साखळी ओढायची. मी आडवी पडून मनात मोजत होते. मी 'आता' म्हटलं आणि त्याने साखळी ओढली एक श्वास उशिरा. सगळ्यांच्या तोंडावर खारं पाणी. तुला सगळे उगाच 'घड्याळ' म्हणत नव्हते. तुझ्या होडीत कधी कुणाची बाही भिजली नाही.

आत गेलो आणि मी सगळं विसरले. पाण्याखालून येणारा तो निळा उजेड, छतावरून लोंबणारे चुनखडीचे झुंबरदगड, लेकीचे हातसुद्धा निळे. तिने माझा दंड घट्ट धरला आणि मला इतका आनंद झाला की रडू आलं. तेवढ्यात पुढच्या फळीवरून गाईड पोरगी बोलायला लागली: "आता कुणी बोलू नका हं, गुहेला ऐकायची सवय आहे, बोलायची नाही." दादा, हे माझं वाक्य! तुला आठवतं ना, नवीन मुलगी आली की महिनाभर जुनीच्या शेजारी फळीवर बसून तिचं सगळं बोलणं घोकायची. मी जिला शिकवलं तिने हिच्या आधीचीला शिकवलं असेल. कुठल्या शब्दावर किती थांबायचं तेसुद्धा माझंच. मी चक्क फुशारले. तिच्याबरोबर ओठ हलवायला लागले. आणि मग दुसरं वळण आलं, आणि पुढचं वाक्य कुठलं ते माझ्या ध्यानात आलं.

पडदा. दगडाचा, पण कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ, ज्याच्यातून टॉर्चचा उजेड आरपार जायचा तो. तुटलेली कड तेव्हा पांढरीफटक होती, आता पिवळट झालीय. पोरीने तिच्यावर टॉर्च मारला आणि म्हणाली: "हा पडदा हजारो वर्षं लाटांना पुरून उरला, पण आमच्या एका वल्हेवाल्याला काही पुरून उरला नाही. काय करणार, दंडांना भरती आणि डोक्याला ओहोटी!" अख्खी होडी हसली. हे हसले. आमचं कन्यारत्न तर मांडीवर थाप मारून हसलं. आणि दादा, मीही हसले. सगळे हसत होते म्हणून.

पडदा कसा तुटला ते तुला मी काय सांगणार? तू वल्ह्यावर होतास, मी फळीवर. हात लावायचा नाही हा पहिला नियम, तो मीच दिवसातून सहा वेळा सांगायचे. पण त्या दगडाला टिचकी मारली की पितळी भांड्यासारखा नाद यायचा, हे लोकांना कुठूनतरी कळलं होतं. "ताई, एकदाच वाजवून दाखवा ना." तू मागून नको म्हणालास. मला टाळ्यांची चटक लागली होती. नखाने नाद नीट येईना म्हणून टॉर्चच्या दांड्याने वाजवला. तो तुकडा पाण्यात पडल्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे, वाटी पडावी तसा. धक्क्यावरच्या ऑफिसात साहेबांनी विचारलं तेव्हा माझं तोंड उघडायच्या आत तू म्हणालास, "माझं वल्हं लागलं." मला नोकरीत कायम होऊन आठ दिवस झाले होते. तुला वाटलं, चार शब्द ऐकवतील आणि सोडतील. त्यांनी त्याच संध्याकाळी तुझं वल्हं काढून घेतलं, आणि मी मूग गिळून शेजारी उभी राहिले.

इथपर्यंतचं तुला माहीत आहे. पुढचं नाही.

लोक त्या कडेबद्दल विचारायला लागले. मी दोन दिवस 'दगड आपोआप निखळतात' म्हणून वेळ मारून नेली. तिसऱ्या दिवशी साहेब स्वतः होडीत होते आणि कुणीतरी तेच विचारलं. माझी गाळण उडाली. खरं बाहेर येतंय असं वाटलं आणि जिभेवर आलं ते बोलून गेले. भरती, ओहोटी, सगळं. साहेबांसकट सगळे हसले. ते वाक्य ऑफिसने केलेलं नाही, दादा. ते माझं आहे. एकदा भीतीने बोलले असते तर एक वेळ देवानेही पोटात घातलं असतं. पण दुसऱ्या फेरीला साहेब नव्हते, कुणी विचारलंही नव्हतं, तरी मी ते म्हटलं. लोक हसतात म्हणून. लग्न होईपर्यंत दोन वर्षं रोज म्हटलं.

आणि तो दिवस मी विसरलेली नाही. तू कारखान्यातून आलास, बर्फाने हात उललेले. धक्क्यावरच्या टपरीवर कुणीतरी तुला 'काय, दंडांना भरती?' म्हणून हटकलं होतं. तू हात धूत धूत म्हणालास, "ऑफिसातल्या लोकांना दुसरे उद्योग नाहीत गं." मी तुला पंचा दिला आणि म्हटलं, "मेले तसलेच आहेत." करून सवरून नामानिराळी. त्या क्षणी धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं, पण ती कसली घेते. मी स्वयंपाकघरात गेले आणि तुझ्यासाठी पाणी तापत ठेवलं.

गेल्या सोमवारी मी पुन्हा तिथे गेले, एकटी, आणि ऑफिसात सगळं लिहून दिलं. साहेब नवीन आहेत, तुझ्या लेकाच्या वयाचे. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि एवढ्या जुन्या गोष्टीचं आता काय करायचं म्हणून फाइलला लावला. गाईड पोरगी मात्र रडकुंडीला आली. मग तिथे म्हणायचं काय, असं तिने विचारलं. मी सांगितलं: हा पडदा फळीवर बसून बोलणारीने टाळ्यांसाठी तोडला, आणि वल्हेवाल्याने तो आपल्या अंगावर घेतला. काल तिचा फोन आला. म्हणाली, "म्हणून बघितलं ताई, कुणी हसलं नाही." त्या सोमवारीही मी तुझ्या दारावरून परत आले. कडी वाजवायचं धाडस झालं नाही.

हे सगळं आत्ताच का, ते सांगते. लेक माझ्यावर गेलीय. सहलीहून आल्यापासून ती हातात टॉर्च घेऊन गाईड झालीय. शेजारणीपुढे, सासूबाईंपुढे, इस्त्रीवाल्यापुढे, सगळीकडे तेच वाक्य, तोच हशा. रविवारी म्हणाली, सुट्टीत गेले की मामाला करून दाखवणार, मामा पण होडी चालवायचा ना, तो जाम हसेल. मी तिला स्वयंपाकघरात बसवलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. दिवसभर ती माझ्याशी बोलली नाही. मग एवढंच विचारलं, "ते वाक्य तुझं आहे हे मामाला माहितीये?" मी नाही म्हटलं. तिने तिची वही आणून माझ्यापुढे ठेवली, त्याच वहीचे हे कागद आहेत. शनिवारी दुपारच्या बसने ती येतेय. मी यावं की स्टॉपवर तिला तुझ्याकडे सोपवून परत फिरावं, हे तू ठरव. तू जे म्हणशील ते मी ऐकेन, 'जाऊ दे' सोडून. लेकीने कबूल केलंय, ती तुला काहीही करून दाखवणार नाही. तिला फक्त तुझे हात बघायचेत म्हणते.

तुझीच,
फळीवरची