नादस्वराला पंधरा दिवस सुट्टी

पेनांग, मंगळवार

सौ. कुंजम्माळ हिस आशीर्वाद.

मी बरा आहे. तुझा गुडघा कसा आहे?

दुसऱ्याकडून कळण्याआधी सांगतो. महिनाभर माझ्या जिभेवर पांढरा थर होता आणि तोंडात आग होत होती. पानाचा चुना लागला असेल म्हणून गप्प बसलो. शुक्रवारच्या पूजेत नादस्वराची फुंकायची पत्ती ओठांत धरवेना, सूर मध्येच तुटला. साथीला तविलचा ढोल वाजवणारा आपला वैरवन सगळ्यांसमोर ओरडला, "अण्णा, आधी तोंड उघडा!" आणि हाताला धरून दवाखान्यात घेऊन गेला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ही बुरशी आहे. साखर इतकी वाढली की ती तोंडात घर करते. गोळ्या घेता ना?"

इथं आल्यापासून गोळ्या बंदच होत्या. आजारी म्हणून देऊळवाले कामावरून काढून गावी परत पाठवतील, याची भीती होती.

आता तोंडात औषध धरतो, खाल्ल्यावर चूळ भरतो. गोळी गिळेपर्यंत वैरवन समोरून हलत नाही. आग कमी आहे. पंधरा दिवस मात्र वाजवायचं नाही.

काल पूजेला पहिल्यांदाच भक्तांत बसलो. वाजवणारा दुसरा होता. हात कुठे ठेवावेत, कळेना.

खुशाल रागव, पण तुझीही साखर तपासून घे. इतकी वर्षं आपण एकाच ताटातलं गोड खाल्लंय.

तुझा,
शिवकोळुंदू